कमी चाललेली, जगप्रवासाला तयार

जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन वाक्यांना फार मान आहे. ‘गाडी फार चाललेली नाही’ हे एक आणि ‘गाडी डॉक्टरांची आहे’ हे दुसरं. डॉक्टर क्लच हळुवार दाबतात की रोग वेळेत ओळखून गाडी आधीच विकायला काढतात, हे गिऱ्हाइकाने आपापलं ठरवायचं. पहिलं वाक्य मात्र सरळ आहे आणि साध्या मोटारीच्या बाबतीत तो खरंच गुण आहे. पण अलीकडे या बाजारात एक नवा माल येऊ लागला आहे. थार, जिप्सी किंवा गुरखा. छतावर घडीचा तंबू, पुढे पोलादी बंपर आणि त्यात बसवलेली विंच, काचेच्या कडेने वर गेलेला स्नॉर्केल, मागे दोन जेरीकॅन, कडेला चिखलात चाकाखाली सारायच्या नारिंगी फळ्या, फावडं, छातीइतका उंच जॅक आणि आत चक्क फ्रिज. जाहिरातीची पहिली ओळ असते, ‘लडाख, स्पिती, कुठेही न्या, एक रुपयाचा खर्च नाही’. दुसरी ओळ, ‘फक्त अठरा हजार किलोमीटर’. या दोन ओळी शेजारी शेजारी इतक्या गुण्यागोविंदाने नांदतात की त्यांच्यातलं वैर वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. जी गाडी पृथ्वीच्या टोकाला जायला नटवली, ती अठरा हजारांत का थांबली? आणि तिथे थांबायचं होतं तर विंच कशाला? माझं म्हणणं असं आहे की गाडीवर जितकं सामान चढतं तितका प्रवास खाली उतरतो, आणि विकायला निघालेली सुसज्ज फोर बाय फोर हा त्याचा लेखी पुरावा असतो. फक्त तो वाचता यायला हवा.

वाचन टायरपासून सुरू करावं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. रस्त्याला टेकणाऱ्या भागावरचे केस चार दिवसांत झिजतात. कडेचे मात्र दगडधोंडे घासल्याशिवाय सहसा जात नाहीत. खास चिखलासाठी म्हणून घेतलेल्या, बोटभर खाचांच्या टायरला कंपनीने खडक चढायला म्हणून कडेला दात दिलेले असतात, आणि त्या दातांवर हे केस तान्ह्या बाळाच्या जावळासारखे शाबूत असतात. मग विंच पाहावी. तिच्यावरचा दोर कारखान्यातून एकसारखा गुंडाळून येतो. एकदा जरी चिखलातून गाडी ओढली तर थर एकमेकांत घुसतात, मातीचा रंग धरतात आणि दोर पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. विक्रीच्या गाडीवर प्रत्येक फेरा शेजारच्या फेऱ्याला बिलगून असतो. जेरीकॅनचं झाकण उघडून हुंगावं: डिझेलचा वास येत नाही, साठलेल्या पाण्याचाही येत नाही, दुकानाचा येतो. जुन्या जिप्सीच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतात. चारी चाकांना जोर हवा तर खाली उतरून ते ‘लॉक’ करावे लागतात. ते ‘फ्री’वर गंजून बसले असतील, तर त्या गाडीची चारी चाकं शेवटची एकदिलाने कधी फिरली हे सांगायला मेकॅनिक नको. आणि सगळ्यात प्रांजळ साक्षीदार तर काचेवरच चिकटलेला असतो. 2021 च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. त्याचं स्टेटमेंट मागावं. मागच्या काचेवर खारदुंग-लाचं स्टिकर आणि स्टेटमेंटमध्ये नागपूरजवळच्या गोंडखैरीचा टोलनाका, मग परत गोंडखैरीचा टोलनाका. स्टिकर घरपोच मिळतं, त्याला खिंड ओलांडावी लागत नाही. यावर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: ‘आम्ही जातो तिथे टोल नसतो, भाऊ.’ उत्तर बाणेदार आहे. पण टोल नसलेल्या जागी पोचायला नागपूरच्या माणसाला कुठल्याही महामार्गावर आधी टोलच भरावा लागतो, आणि परत येतानाही.

एवढ्याने समाधान होत नसेल त्याने वाडीला जाऊन उभं राहावं. नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवर, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या शेजारी हे गाव आहे. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोदामं, वजनकाटे, पंक्चरवाले, आणि जरा पुढे गेलं की आठवा मैल, जिथे अंतर हेच वस्तीचं नाव आहे. समोरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 सुरतजवळच्या हजिऱ्याहून निघतो आणि ओडिशात पारादीप बंदराला टेकतो, म्हणजे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. नागपुरात त्याला श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा 44 छेदतो. देशाचा आडवा आणि उभा धागा जिथे एकमेकांना भेटतो तिथे ट्रक थांबणार नाहीत तर काय करतील! त्यातल्या कुठल्याही लांब पल्ल्याच्या ट्रकची केबिन बघावी. सीटच्या मागे माणूसभर लांबीची फळी आणि तिच्यावर गादी. खाली लहानशी शेगडी, कुकर, कणकेचा डबा, मिठामिरचीच्या पुड्या. बाहेर ओलं गोणपाट गुंडाळलेला पाण्याचा कॅन. टपावर ताडपत्री आणि दोर. टूलबॉक्समध्ये जॅक, टॉमी, पाने, सब्बल आणि चाकामागे लावायचा तेलकट लाकडी ठोकळा. ओव्हरलँडिंगच्या पुस्तकी अटी सगळ्या पूर्ण होतात: स्वतःच्या वाहनात झोपणं, स्वतः रांधणं, आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहणं, मध्येच काही मोडलं तर स्वतः निस्तरणं. फरक एवढाच की हा गृहस्थ त्याला ड्यूटी म्हणतो आणि फोटो काढत नाही. आणखी एक फरक नोंदवण्यासारखा आहे. या माणसाच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकपुरता. तोवर नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना त्याने इंजिनाच्या शेजारी बसून काढला. शनिवारी निघून रविवारी परतणाऱ्या गाडीत मात्र कोल्ड्रिंकसाठी फ्रिज त्याच्या कितीतरी आधी आला.

‘पण ट्रक डांबरावर चालतात,’ असा आक्षेप येईल. ‘आमची गाडी रस्ता संपतो तिथे सुरू होते.’ आक्षेप वजनदार आहे, म्हणून रस्ता कुठे संपतो ते आधी पाहू. वाडीहून निघून अमरावती ओलांडली की अकोल्यापर्यंतचा पट्टा वर्षानुवर्षं असा होता की तिथे साधी अल्टो चालवणाराही साहसी ठरायचा. त्या काळात कोणाकडे विंच नव्हती. पुढे जून 2022 मध्ये त्याच पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबराची एक पट्टी अंथरून गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे आपल्याकडे सामान आलं आणि खड्डा गेला. हिमालयाचंही तेच. दिल्लीहून लेहला हिमाचल परिवहनची एसटी जाते. हजारावर किलोमीटर, वाटेत साडेसतरा हजार फुटांच्या आसपासची तंगलंग-ला खिंड, आणि आत खिडकीला डोकं टेकून झोपलेले सामान्य लोक. टपावर तंबू नाही, ट्रंका आहेत. जिथे जायला आपण गाडीवर लाखाचं सामान चढवतो तिथे कंडक्टर सुटे पैसे मागत पोचलेला असतो. खरोखर रस्ता संपणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर लडाखपर्यंत जाण्याचंही कारण नाही, गडचिरोलीत भामरागड आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तालुक्याचं ठिकाण जगापासून तुटतं. तिथे नर्सबाई, शिक्षक, वनरक्षक, पोलीस सगळे राहतात आणि पाणी ओसरलं की कामाला लागतात. त्यांच्यापैकी कोणाच्या गाडीवर ‘एक्स्पिडिशन’ लिहिलेलं नाही. आणि अगदी घरचा मामला म्हणजे विदर्भातले पांदण रस्ते. शेतात जायच्या या वाटा काळ्या कापसाच्या जमिनीतून जातात. ही माती पाणी पिऊन फुगते. दोन पाऊस झाले की टायरच्या त्या महागड्या खाचांत घट्ट भरून बसते आणि पाचच मिनिटांत चिखलाचा टायर साध्या टायरहून गुळगुळीत होतो. राज्य सरकारने 2021 मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना काढली ती काही हौशी मंडळींसाठी नव्हे. या चिखलातून बैलबंडी जाते, ट्रॅक्टर जातो. फसलेल्या जीपवाल्याने विंचचा दोर ओढत भक्कम झाड शोधावं, तर धुऱ्यावर एक बोरीचं झुडूप. शेवटी शेजारच्या शेतातून ट्रॅक्टरच येतो, साखळी लावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘हे एवढं सगळं लावलं, त्याचं काय होते?’

कोणी म्हणेल, हौशी माणसाने जुनी जीप घेऊन सजवणं ही आपलीच जुनी रीत आहे. आहे, आणि ती कशी होती हे आठवलं तर माझाच मुद्दा पक्का होतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा लिलावात निघाल्या. डिस्पोजलची जीप हे तेव्हा घराण्याचं भूषण होतं. महिंद्रने 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली ती याच वातावरणात. पुढे नागपूरहून जबलपूरच्या वाटेला लागावं तर तिथल्या व्हेइकल फॅक्टरीत 1969 पासून जोंगा तयार होत होती. निस्सानच्या पॅट्रोल गाडीवरून घेतलेली, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली. लष्करात ती चालली कारण तिथे पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरावं लागत नाही. लिलावात ती घेणाऱ्या नागरिकाला पहिल्या पंपावरच आत्मज्ञान होई आणि लवकरच तिच्यात डिझेल इंजिन बसे. या जुन्या जीपांवर विदर्भात सामान चढायचं, नाही असं नाही, पण ते कोणतं? मागे आणखी एक बाक. त्याच्या मागे फूटबोर्ड. टपावर कॅरिअर. कमांडर जीप काळी-पिवळी होऊन बाजाराच्या दिवशी निघाली की आत किती माणसं आहेत हे फक्त ड्रायव्हरला माहीत असे, कारण भाडं त्याला घ्यायचं असे. नियमाच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो प्रकार भयंकरच होता, त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण एवढं खरं की त्या गाडीवर लावलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी वापरात होती. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवरच्या सफारी जिप्सीही तशाच. उघडी गाडी, मागे उंच बाक, सकाळ-दुपार दोन फेऱ्या. जंगलात रोज जाणाऱ्या गाडीवर तंबू नाही. जी कधीच जात नाही तिच्यावर आहे.

तंबूविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्या सामानात हा राजा. छतावर घडी, शिडी ओढली की दोन माणसांची खोली. ज्या देशांत मैलोन् मैल माणूस दिसत नाही तिथे ही सोय उत्तम आहे. आपल्याकडे गाडी कुठे उभी करायची? व्याघ्र प्रकल्पात रात्री थांबू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गाभा क्षेत्र तर 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंदच असतं, म्हणजे नेमका ज्या दिवसांत फोर बाय फोरला काही काम असतं त्या दिवसांत. शेताच्या कडेला थांबलात तर शेताला मालक असतो. मालकाला भाऊ असतो, आणि दोघांचा त्या धुऱ्यावरून दावा चालू असतो. माळरानावर थांबलात तर दहा मिनिटांत कुठूनतरी पाच माणसं उगवतात. ती भांडायला आलेली नसतात, उलट फार अगत्याने बघतात. ‘कितीले पडली?’ ‘एव्हरेज काय देते?’ ‘वर कोन झोपते?’ एवढी चौकशी झाल्यावर त्यातला एक जण म्हणतो, ‘वर कायले झोपता, घरी चला ना.’ इथे तंबूचा सैद्धांतिक पायाच ढासळतो. ओव्हरलँडिंगची सगळी सामग्री या गृहीतकावर उभी आहे की वाटेत तुम्हाला कोणी काही देणार नाही. अमरावती रोडवर ढाबा नसलेला तास जात नाही, आणि घरी चला म्हणणारा माणूस तर ढाब्याच्याही आधी भेटतो. शिवाय उघड्यावर, उंचावर, मच्छरदाणीत झोपण्याचं जे सुख हा तंबू देतो, ते नागपूरच्या पिढ्यान् पिढ्यांनी उन्हाळ्यात गच्चीवर फुकट घेतलं आहे. गच्चीवर पाणी मारलं, खाटा टाकल्या, झोपले. मध्यरात्री खाली उतरायची वेळ आली तर तिथे जिना होता. तंबूला अल्युमिनियमची शिडी असते आणि पन्नाशीच्या मधुमेही साहसवीराला ती एका रात्रीत तीनदा उतरावी लागते.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संकट सांगून येत नाही, तेव्हा तयारी असलेली बरी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात तीन-चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, वाडीपासून फार लांब नसलेला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, माणसं गेली. अशा वेळी स्नॉर्केल असलेली गाडी असती तर, असं तेव्हा अनेकांच्या मनात आलं असेल. पण स्नॉर्केल काय करतो? इंजिनाला हवा वरून देतो, बस्स. थार किती पाण्यातून जाऊ शकते हे कंपनीनेच सांगितलं आहे, 650 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम गुडघ्याच्या वर. आणि तेही संथ पाण्यात, तळ माहीत असताना. वाहतं पाणी दोन फूट झालं की बहुतेक मोटारी ते उचलून नेतं, त्यांच्या नाकाची नळी कितीही उंच असली तरी. त्या दिवशी लोकांना बाहेर काढलं ते जवानांनी आणि बोटींनी. छपरापर्यंत गेलेल्या नळीचा खरा धोका असा की चालवणाऱ्याला वाटू लागतं, आपणही छपरापर्यंत जाऊ शकतो. ज्याच्याजवळ ती नसते तो पाणी बघून मुकाट्याने गाडी वळवतो आणि घरी जिवंत पोचतो. तयारी म्हणजे काय ते ट्रकवाल्याच्या टूलबॉक्सवरून ठरवावं: जॅक, दोर, सब्बल, पाणी. यापुढचं सगळं मन रमवायला.

मग कायदा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने बनवलेल्या गाडीत आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितलं. पोलादी क्रॅश गार्डवर तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला लावली होती, कारण तो मऊ बंपरने जिरवायचा धक्का तसाच पुढच्या पादचाऱ्याला आणि मागच्या चेसिसला पोचवतो. गुरखाला स्नॉर्केल कंपनीच लावून देते, त्यामुळे तिचं ठीक. बाकीच्यांचं सामान हे कायद्याच्या मर्जीवर लटकलेलं असतं. जुनी गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाला जावं लागतं. मोटारीसाठी ही फी 600 रुपये होती, ती एप्रिल 2022 पासून 5000 झाली. शिवाय ग्रीन टॅक्स. या पासिंगच्या आदल्या आठवड्यात साहसी गाड्यांचा एक अनोखा विधी असतो. गॅरेजमध्ये गाडी उभी राहते आणि तंबू, विंच, बंपर, दिवे एकेक करून उतरतात. तीन माणसांनी दिवसभर पाने फिरवल्यावर खालून जी गाडी निघते ती हलकी असते, वळायला सोपी असते, दोन किलोमीटर जास्त एव्हरेज देते आणि पावसात खरंच कुठेही जाऊ शकते. पासिंग झालं की सगळं परत चढतं.

राहिला हौसेचा मुद्दा, आणि इथे मी विरोधी पक्षाला बरंच द्यायला तयार आहे. माणसाने रविवारची दुपार गाडीखाली पाठीवर पडून नटबोल्ट आवळण्यात घालवली तर त्यात कोणाचं काय गेलं? न केलेल्या प्रवासाचं मनातलं सुख केलेल्या प्रवासाहून अनेकदा जास्त टिकतं. त्यात पोट बिघडत नाही. हे सुख खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते त्या मालकाचं आहे, त्याने पुरेपूर भोगलं आहे, आणि म्हणूनच त्याचे पैसे पुढच्याने का द्यावेत हा माझा प्रश्न आहे. हौसेला मोल नाही ही म्हण जुन्या गाडीच्या सौद्यात अक्षरशः खरी धरावी. ज्याला फोर बाय फोर खरोखर हवी आहे, ज्याचं शेत पांदणीच्या टोकाला आहे किंवा ज्याला गडचिरोलीतल्या सिरोंच्यापर्यंत कामाला जावं लागतं, त्याने जुनीच घ्यावी आणि अशीच सजवलेली घ्यावी, कारण ती कमी वापरलेली असते आणि तिचा मालक सामानाच्या हप्त्यांनी थकलेला असतो. फक्त भाव करताना गाडीचा भाव गाडीच्या वयावर धरावा आणि सामानाचा शून्य. विक्रेता म्हणेल, नुसत्या तंबूलाच लाख गेले. त्याला म्हणावं, तंबू ठेवून घ्या, विंच काढून घ्या, आणि मला कंपनीचा मूळ बंपर लावून द्या. मूळ बंपर त्याच्याजवळ नसतो. तो चार वर्षांपूर्वी भंगारवाल्याने किलोवर नेलेला असतो. तिथून पुढे आकडा तुम्ही बोलायचा आणि त्याने ऐकायचा.